डॉक्टर काही सांगत नाहीत

धुरपताबाई दवाखान्यात शिरल्या त्या बाकावरच्या पेशंटांना ओलांडून थेट टेबलापाशी आल्या. कमरेची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, सोयरीक तुमीच सुचवली. आता तुमीच सांगा. दगडोबाच्या राधिकेला काही दुखणं-बिखणं?"

डॉक्टरांच्या बायकोची, अनुसूयाबाईंची, बोटं कीबोर्डवर जागच्या जागी थांबली. राधिकेला काय झालं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? लहानपणापासूनचं सगळं त्यांनीच जुन्या कागदांवरून कॉम्प्युटरात उतरवलं होतं. एकदा पायात बाभळीचा काटा मोडला होता, एकदा सर्दीनं छाती भरली होती आणि एकदा हिरव्या चिंचा खाऊन पोट दुखलं होतं. संपलं. एका श्वासात सांगून झालं असतं. पण त्या म्हणाल्या,

"मला सांगता यायचं नाही."

"यायचं न्हाई म्हंजे?"

"कुणाचंच सांगता येत नाही, धुरपताबाई. नियम आहे."

डोंगरकडा गावच्या त्या दवाखान्यात आजवर असं कधी झालं नव्हतं. आसपासच्या खेड्यांत सोयरीक जमवताना लोक आधी जमीन बघत, मग माणसं बघत आणि शेवटी डॉक्टर व्यंकटराव नरसीकरांना विचारत. डॉक्टरही तपासता तपासता मान वर न करता सांगत, "पोरगी एक नंबर. काढा तिथी." तेवढ्यावर हळद फुटे. पंचांगापेक्षा या वाक्याला मान होता.

पण दिवाळीआधी डॉक्टर नांदेडला एका शिबिराला गेले आणि नियम घेऊन आले. कॉम्प्युटर नुकताच आला होता. पेशंटची माहिती ही पेशंटची; त्याच्या परवानगीवाचून ती कुणाला दाखवायची नाही, सांगायची नाही, दुसऱ्या दवाखान्याला पाठवायची झाली तरी आधी त्याला विचारायचं. डॉक्टरांनी दवाखान्यातल्यांकडून तसं वचन घेतलं. कंपाउंडर उत्तमसिंगनं "बराबर हाय साहेब" म्हणून मान हलवली आणि विसरून गेला. अनुसूयाबाईंना मात्र नुसती मान हलवणं पटेना. त्यांनी देवघरात जाऊन औंढ्याच्या नागनाथाच्या तसबिरीपुढे बेल उचलला आणि नेम धरला.

डॉक्टरांनी नियम केला होता, बाईंनी त्याचं व्रत केलं. आणि व्रत म्हटलं की अनुसूयाबाई थोडं जास्तच करणार. कॉम्प्युटरातलं तर नाहीच, पण डोळ्यांनी दिसणारं दुखणंही त्या बोलेनाशा झाल्या. समोरचा माणूस खोकून खोकून वाकला तरी "खोकला झालाय का?" असं विचारत नसत. सोमवारी देवळात एखादी म्हणाली, "गुडघे लई तकलीफ देऊन राहिले," की त्या प्रदक्षिणेचा वेग वाढवत. डॉक्टर कौतुकानं म्हणत, "असा नियम पाळणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडायचं नाही."

ते कौतुक आता धुरपताबाईंच्या रूपानं समोर बसलं होतं.

"तुमी बोलत न्हाई, म्हंजे काहीतरी हाय," धुरपताबाईंचा आवाज उतरला. "लपवू नका. माझ्या लग्नात मालकाचं दुखणं असंच लपवलं व्हतं. पोरगं मांडीवर असताना मी कपाळ पांढरं करून बसले. प्रभूला कसा वाढवला, मला ठाऊक. म्हणून विचारते."

अनुसूयाबाईंनी पदरानं डोळे टिपले. 'काटा, सर्दी आणि चिंचा,' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. धुरपताबाईंना वाटलं, दुखणं इतकं वाईट आहे की बाईंना सांगवेना.

आत डॉक्टरांपुढे तर आणखी बिघडलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला, चष्मा पुसला आणि शिबिरातलं व्याख्यान पहिल्यापासून सुरू केलं.

"ते समदं खरं," धुरपताबाई म्हणाल्या, "पण मागल्या साली सेवाच्या पोरीचं तुमीच सांगितलं व्हतं की, एक नंबर म्हणून."

"तेव्हा कॉम्प्युटर नव्हता."

"मंग कॉम्प्युटरात गेल्यावर पोरीचं दुखणं वाढलं का?"

"दुखणं आहे असं मी म्हटलंच नाही!"

"मंग न्हाई म्हणा."

"तेही म्हणता येत नाही. आज नाही म्हटलं, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसेन त्याला आहे असा अर्थ होईल."

हा मुद्दा बिनतोड होता. फक्त धुरपताबाईंनी त्यातलं शेवटचं तेवढं धरलं. त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सोमवारपर्यंत सांगा. न्हाईतर हट्टा गावच्या पोरीला होकार देऊन टाकते. त्या पोरीचा डाक्टर बोलतो."

बाहेर बाकावरच्या लोकांनी सगळं ऐकलं होतं. कुणीतरी उत्तमसिंगला कोपऱ्यात घेऊन विचारलं. उत्तमसिंगला खरंच काही ठाऊक नव्हतं, पण दवाखान्यातल्या माणसाला ठाऊक नाही असं म्हणायला जीभ वळत नाही. तो म्हणाला, "आता काय सांगू? पोरीच्या नावाला कुलूप हाय कॉम्प्युटरात. ते उघडायचा शब्द फकस्त साहेब आन् बाईला ठाऊक." कुलूप सगळ्या गावाच्याच नावाला होतं, पण ते कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दिवेलागणीपर्यंत राधिकेच्या काळजाला भोक पडलं. वरच्या आळीत पोचेपर्यंत तिला फेफरं येऊ लागलं. पाणवठ्यावर एकीनं तिच्या पाठीवर पांढरे डाग स्वतः पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसूयाबाई तुळशीला पाणी घालत होत्या, तोच दगडोबा आणि सोजराबाई अंगणात उभे. दगडोबाच्या खांद्यावर घोंगडी आणि हातात मेंढरं वळायची काठी. मेंढरं तशीच वाटेवर सोडून आला होता. सोजराबाईंचे डोळे सुजलेले.

"डाक्टरीनबाई," दगडोबा म्हणाला, "सोयरीक गेली तर जाऊ द्या. पर माझ्या लेकराला झालंय काय, ते मला तरी सांगा!"

अनुसूयाबाईंच्या हातून तांब्या कलंडला. त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं होतं. गावाचं सोडा, आईबापांनीच मुलीला आजारी धरलं होतं.

"अहो!" त्यांनी आत हाक मारली. त्यांच्या आवाजाला इतकी धार कधी नसे. डॉक्टर अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"साहेब, आमी आईबाप हाव," सोजराबाई म्हणाल्या. "आमाला तर सांगाल?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. अनुसूयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. साबण हनुवटीवरून ओघळत होता.

"राधिका आता सज्ञान आहे," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "तिच्या परवानगीशिवाय... म्हणजे... तुम्हालाही नाही."

सोजराबाई मटकन तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसल्या. "अगं माझे बाय! आईलाबी सांगत न्हाईत, म्हंजे गेलं माझं लेकरू!"

"अहो, तसं काही नाही हो!" डॉक्टर ओरडले.

"मंग कसं हाय?" दगडोबा.

डॉक्टरांनी हनुवटीवरचा साबण पुसायला घेतला.

राधिका कळमनुरीला डी.एड. करत होती. निरोप गेला तसा ती दुपारच्या गाडीनं आली. स्टँडवर उतरल्यापासून बायका तिच्याकडे बघून हळहळत होत्या. एका म्हातारीनं तर तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. घरी आईनं मिठी मारून रडायला सुरुवात केली.

"मला काही झालं न्हाई, आई!"

"तुला सांगितलं नसंल गं!"

आता मात्र राधिकाही चरकली. खरंच का सांगितलं नसेल? परवा अभ्यासाला बसल्यावर डोकं जड झालं होतं, ते काय होतं? ती तशीच आईला घेऊन दवाखान्यात आली आणि टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "काकू, माझं मला तरी बघता येतं का?"

"तुझं तुला येतं!" अनुसूयाबाई इतक्या आनंदानं म्हणाल्या, की बाकावरची दोन माणसं दचकली. त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. वरचा पंखाही फिरायचा थांबला होता. भारनियमन सुरू झालं होतं.

वीज येईपर्यंत राधिका टेबलासमोर बसून राहिली. अनुसूयाबाई मनात नागनाथाचं नाव घेत राहिल्या. मायलेकींच्या मधोमध काळा पडदा. सोजराबाई त्या पडद्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यात यमच बसलाय. एकदाची वीज आली, मशीन गुरगुरलं, शब्द टाकला गेला, राधिकेचं नाव उघडलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"काटा?" ती म्हणाली. "सर्दी? चिंचा?" आणि पुढे नुसती हसत सुटली. सोजराबाईंनी पडद्याला हात लावून नमस्कार केला.

"चला, सुटलं!" डॉक्टर आतून आले. "राधिका, आता फक्त परवानगी दे. धुरपताबाईंना बोलावतो, दाखवतो, मिटलं."

राधिकेचं हसू थांबलं. "काहून दाखवायचं?"

"अगं, त्यांना शंका आहे म्हणून."

"आबा बाजारात शेळी घेतात तवा दात बघतात, पाय उचलून बघतात. मी शेळी हाय का?"

"राधे!" सोजराबाई कळवळल्या. "सोन्यासारखं स्थळ हाय. नोकरीवाला पोरगा. तूच व्हय म्हणली व्हतीस ना त्याला बघून?"

राधिकेच्या गालांवर थोडी लाली आली, पण मान ताठच राहिली. "व्हय म्हणले. आताबी व्हयच म्हणते. पण मग त्यांचंबी उघडा. ते इथल्या जनावराच्या दवाखान्यात होते तवा इथंच येत होते ना औषधाला? दोघांचं संगट उघडा, न्हाईतर कुणाचंच न्हाई."

डॉक्टर खूश झाले. "एकदम न्याय्य!"

अनुसूयाबाईंनी मात्र मनात पुन्हा नागनाथाचं नाव घेतलं. प्रभूच्या नावापुढे काय लिहिलंय, ते त्यांना पाठ होतं. ते काय होतं, हे प्रभूची परवानगी नसल्यामुळे तूर्त इथंही सांगता येत नाही.

मध्यस्थ म्हणून निरोप न्यायचं काम त्यांच्याकडेच आलं. रविवारी त्या बाळापूरला धुरपताबाईंच्या ओसरीवर जाऊन बसल्या. प्रभू उंबऱ्याशी उभा होता. उंचापुरा, खांदे रुंद. जनावरांच्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करता करता शेळ्यामेंढ्यांना लस टोचण्यात त्याचा हात बसला होता. चार गावांची मेंढरं त्याला बघितलं की पळत.

"पोराचं बघायची रीत न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या.

"नसेल," अनुसूयाबाई हळूच म्हणाल्या. "पण पोरीची अट आहे."

"बघा मंग! माझं पोरगं दगड हाय दगड! काय रं प्रभू?"

दगडाचा रंग उडाला होता. अनुसूयाबाई निघाल्या तसा तो गाडीपर्यंत मागे मागे आला. "काकू," तो इकडेतिकडे बघून कुजबुजला, "ते... तुमी लिहून ठेवलंय का?"

"लिहिलंय."

"पुसता न्हाई का येत?"

"नाही रे बाबा."

"मंग उद्या काय करू?"

अनुसूयाबाईंना त्या पोराची दया आली. पण काय बोलणार? "देवाचं नाव घे," एवढंच म्हणून त्या गाडीत चढल्या. रात्री त्यांनी पोथीचा अध्याय वाचला, तो एकाच ओवीवर तीनदा अडकून.

सोमवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना काही झालेलं नव्हतं तेही नाडी दाखवायला आले होते. डॉक्टरांनी दोन्ही घरांना आत घेतलं आणि दार लोटलं. उत्तमसिंग दाराला बाहेरून कान लावून राखण करू लागला.

"राधिका," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "तुझी माहिती या सर्वांसमोर उघडायला परवानगी आहे?"

"हाय. त्यांनी दिली तर."

"प्रभू, तुझी?"

प्रभू बोलला नाही.

"बोल की रं!" धुरपताबाईंनी कोपर मारलं. प्रभूच्या कपाळावर घाम आला. तो खिडकीकडे बघू लागला. आणि हळूहळू त्या गप्पपणानं कूस बदलली. चार दिवस दगडोबाच्या घराकडे बघणारे डोळे धुरपताबाईंच्या घराकडे वळले.

"काय वो इहीणबाई," दगडोबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "पोरगं बोलत न्हाई, म्हंजे काहीतरी असंल."

"काय असणार? काही न्हाई!"

"तसंच आमीबी म्हणत व्हतो."

सोजराबाई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बापाचंच दुखणं असंल. वंशात उतरतं म्हणतात."

धुरपताबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. इतकी वर्षं ज्याला भ्यायच्या, तेच कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं. त्यांनी मुलाचा दंड धरला. "प्रभू... खरंच हाय का रं काही? मला सांगितलं न्हाईस?"

अनुसूयाबाईंना बघवेना. 'नाही हो, तसलं काही नाही!' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. उचललेला बेल आजच्याइतका जड कधीच झाला नव्हता.

राधिका उठली आणि प्रभूपुढे उभी राहिली. "कॉम्प्युटर राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "तुमचं तुमी सांगा. तुमच्या तोंडून आलं तर मी खरं मानीन. न्हाई सांगायचं तर तसं म्हणा, मी आपल्या गाडीनं जाते."

प्रभूनं आईकडे पाहिलं, मग राधिकेकडे. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मला सुई बघितली की चक्कर येते."

"आँ?"

"पत्र्यानं हात कापला व्हता. डाक्टर साहेबांनी धनुर्वाताची सुई काढली. मी खाली पडलो. पडता पडता सलाईनचा स्टँड धरला, तो बाजूच्या पेशंटच्या अंगावर पडला. त्याला टाका पडला."

मग धुरपताबाईंनी दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. मारत होत्या आणि रडत होत्या. "मुडद्या! जीव गेला व्हता माझा! दिवसभर शेळ्यायला सुया टोचून राहिला, आन् तुला सुईचं भ्या?"

"त्यायला टोचतो, आई. मला कुठं टोचतो?"

राधिका तोंडावर ओढणी धरून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. सोजराबाई हसू की नको अशा नवऱ्याकडे बघत होत्या. प्रभू तेवढा मान खाली घालून उभा. आपली सोयरीक सुईच्या टोकावर गेली असं त्याला वाटत होतं.

ते डॉक्टरांना बघवलं नाही. चार दिवसांचा ताण एकदम उतरला होता, आणि मन हलकं झालं की डॉक्टरांची जीभ सैल सुटे. त्यांनी प्रभूच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, त्यात लाजायचं काय एवढं? हे तुझे सासरे! विळ्यानं पाय कापला तेव्हा नुसती सुई बघून टेबलाखाली शिरले होते. ओढून काढायला दवाखान्यातली माणसं पुरेनात, म्हणून रस्त्यावरची बोलवली!"

बोलून झाल्यावर डॉक्टरांना आपण बोललो ते ऐकू आलं.

अनुसूयाबाईंनी डोळे मिटून घेतले. दाराबाहेर उत्तमसिंग फिसकन हसला. सोजराबाईंनी सावकाश मान वळवली.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमी तर म्हणले व्हते, टाके घालताना मी हूं का चूं केलं न्हाई."

दगडोबा घोंगडीची घडी नीट करू लागला. ती बराच वेळ नीट होईना. मग तो उठला, प्रभूजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर जड हात ठेवून म्हणाला, "बसा, जावईबापू. आपलं दोघांचं जमतंय." मग डॉक्टरांकडे वळला. "साहेब, माझी परवानगी घेतली व्हती का?"

शिबिरात यावर काही सांगितलं नव्हतं.

"चुकलं, दगडोबा."

"चुकलंच. आता शिक्षा. लग्नाला मानानं यायचं, पंगतीला बसायचं, पोटभर जेवायचं. पण मांडवात कुणाशी एक शब्दबी बोलायचा न्हाई."

माघात लग्न लागलं. राधिका आणि प्रभू शेजारी शेजारी बसून एकमेकांकडे न बघता हसत होते. डॉक्टर पंगतीत पहिल्या पानावर बसले. शिक्षा त्यांनी मान्य केली होती, त्यामुळे ते बोलत नव्हते. शेजारच्यानं विचारलं, "कसं काय साहेब, तब्येत बराबर हाय ना?" डॉक्टरांनी नुसते हात जोडले. पलीकडच्यानं विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा हात जोडून वर आभाळाकडे पाहिलं.

बुंदी वाढेपर्यंत ही बातमी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेली. ताक येईपर्यंत ती बायकांच्या बाजूला पोचली. धुरपताबाई लगबगीनं अनुसूयाबाईंपाशी आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि कळवळून म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, साहेबाला काय झालंय? किती दिवस झाले?"

अनुसूयाबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी घाईनं तोंडाला पदर लावून मान फिरवली. भोवतीच्या बायकांनी ते पाहिलं. एकीनं दुसरीला गप्प राहायची खूण केली आणि सगळ्यांनी मिळून बाईंच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवायला सुरुवात केली.